जेवल्याचा निरोप

११ एप्रिल

ठमे,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे कागदावर. तू पाकीट उघडणार नाहीस असं धरूनच लिहिते आहे. उघडलंसच तर आधीच सांगते, यात माफी मागितलेली नाही. माफी मागायची तर आधी काय केलं ते नीट सांगावं लागतं, आणि ते मला अजून जमलेलं नाही.

परत येऊन नऊ दिवस झाले. खोली होती तशीच आहे. घाईत निघाले तेव्हा टेबलावर अर्धा पाव राहिला होता. घरमालकीण म्हणाली, "चांगला हिरवागार झाला होता. फेकताना क्षणभर वाटलं, तुमच्या अभ्यासाचा तर नसेल?" विनोद करताना ही बाई चेहरा अगदी कोरा ठेवते, आपल्या मामांसारखा. मी हसले. मग जिना चढून वर आले आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

तिचं खरं होतं म्हणा. मी दिवसभर बुरशीच काढत असते. जुन्या कागदांवरची, मऊ ब्रशनं, तोंडाला फडकं बांधून. सप्टेंबरात हे काम शिकायला या देशात आले त्याच आठवड्यात वर्गातल्या लांबीनं (नाव मी ठेवलेलं, ही मुलगी खरंच दारातून वाकून आत येते) डब्यातून चीजचा एक तुकडा पुढे केला. आत निळ्या शिरा. मी म्हटलं, "अगं, याला बुरशी लागलीय."

"लागलेली नाही. लावलेली आहे."

"सकाळपासून मी घासून काढतेय तीच?"

"ती नाही. तिची बहीण."

सगळा वर्ग बघत होता. त्यांच्यातली कुणीही माझ्या निम्म्या वयाची. मी डोळे मिटून तोंडात टाकलं. आधी ओल्या तळघराचा वास, मग मीठ, आणि सगळ्यात शेवटी दुधाचं काहीतरी, ओळखीचं. त्या रविवारी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नासकं खायला एवढ्या लांब गेलीस? घरी मागितलं असतंस तर दिलं असतं." मागून तुझं हसू ऐकू आलं होतं. ते हसू मला आता शोधून काढावं लागतं.

आई इंजेक्शन घेऊन, माझ्या निरोपाची वाट बघत, झाकल्या ताटासमोर उपाशी बसली आणि साखर उतरून कोसळली. तीन दिवसांनी दवाखान्यातच वारली. इतक्या सरळ वाक्यांत मी हे अजून कुठेच लिहिलं नव्हतं, डायरीतसुद्धा नाही. निघताना तू दारात म्हणालीस, "तू जेवत होतीस." मी म्हटलं, फोन पिशवीत होता. तू दार लावून घेतलंस.

फोन पिशवीत होता, हे डायरीतही लिहिलेलं आहे.

ताई


४ मे

ठमे,

उत्तर येणार नाही हे माहीत आहे, तरी खालच्या पत्रपेटीत रोज डोकावते. घरमालकिणीनं काल विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "बहिणीची." ती म्हणाली, "मोठी की धाकटी?" मी म्हटलं, "धाकटी," आणि ती पेटीवरची धूळ पदरानं पुसायला लागली. तिलाही असेल एखादी.

आज प्रयोगशाळेत खळ शिजवली. गव्हाचं सत्त्व रात्रभर भिजवायचं, सकाळी मंद आचेवर ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही. काचेसारखी झाली की बारीक चाळणीतून तीनदा गाळायची. फाटलेला कागद याच खळीनं जोडतात. आमच्या बाईंनी बोट बुडवून चाखली आणि म्हणाल्या, "बिनमिठाची, पण शिजलीय." त्यांचा एक नियम आहे: ठिगळ लपवायचं नाही. कागद हातात घेणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे फाटलं होतं. हा नियम ऐकला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, मी आयुष्यभर हेच तर करत आले. मग आज कढईखालची आच बंद करताना नोव्हेंबरातला तो रविवार आठवला.

तुझ्या बाजूनं तो सगळा लिहून बघते. चुकलं तर समासात लिही.

आई आपण दोघी जेवल्याशिवाय ताटावर बसत नसे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले तेव्हापासून वीस वर्षं रोज एक वाजता घरी फोन करायचे, "जेवले." मग ती पान वाढून घ्यायची. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा असतात. मग मी चव्वेचाळिसाव्या वर्षी दप्तर उचलून इकडे आले. इथलं घड्याळ साडेचार तास मागे. आईचं इंजेक्शन साडेबाराला. ते द्यायला तू औषधाच्या दुकानातून धावत घरी यायचीस, ताट वाढून झाकून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ताईचा दुकानात फोन आला होता. जेवली ती." आई जेवायची. दोन महिने हे असं चाललं आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या रविवारी आई म्हणाली, "तिकडे गेलीस तरी रोज एकच्या आत जेवतेस, बरं वाटतं बाई."

मी म्हटलं, "एकच्या आत? आई, तुझे एक वाजतात तेव्हा इथे साडेआठ वाजलेले असतात. मी जेवते ते तुझे चार होतात तेव्हा."

आणि एवढ्यावर थांबले का? नाही. सूर्य, पृथ्वी, कुठे आधी उजाडतं, सगळं समजावून सांगितलं. शिकवायची खोड. आई हं हं करत होती. मग तू फोन घेतलास आणि ठेवून दिलास. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, एकच शब्द: "शहाणी."

मला वाईट वाटलं, पण मी बरोबर आहे असंच वाटलं. आईशी खोटं कशाला? त्यानंतर दोन दिवस आई इंजेक्शनसकट चार वाजेपर्यंत थांबली, तुझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा आपल्यात ठरलं की मी सकाळी आठलाच इथे जेवायचं आणि आईच्या स्वतःच्या फोनवर "जेवले" असं लिहायचं. म्हणजे ती तिच्या साडेबाराला जेवेल. तू म्हणालीस, "नुसतं लिहून टाक ना, जेवायला कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "मी जेवल्याशिवाय लिहिणार नाही."

आणि खरंच जेवायचे. सकाळी आठला मऊ भात, वर उकडलेलं अंडं किंवा डब्यातला चमचाभर राजमा. लांबी पावाचा तुकडा कॉफीत बुडवत समोर बसायची. "तुझ्या देशात सगळे सूर्याला घाबरून पहाटेच जेवतात का?" मी म्हणायचे, "आईला घाबरून." चार महिने एक दिवस चुकला नाही. हे मला लिहावंसं वाटतं. तुला हे ठाऊक आहे, तरी लिहावंसं वाटतं.

ताई


२५ मे

ठमे,

फोन पिशवीत नव्हता.

हे एकच वाक्य लिहून पत्र बंद करणार होते. पण मग तू उरलेलं मनानं भरून काढशील, आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असेल की बरं असेल, मला सांगता येत नाही.

तो सुट्टीचा दिवस होता. लांबीची मावशी गावाबाहेर राहते. तिनं आम्हा चौघींना सकाळच्या खाण्याला बोलावलं होतं, आणि निरोप होता, उपाशी पोटी या. मी आदल्या संध्याकाळीच लांबीला विचारलं, "किती वाजता बसायचं?" ती म्हणाली, "साडेआठला." साडेआठ म्हणजे आईचा एक. मी हिशेब केला, अर्धा तास उशीर. तेवढा चालेल. सकाळी भात लावला नाही. आईला तसं कळवायचं मनात आलं होतं. नाही कळवलं. कळवलं असतं तर तिनं इंजेक्शनच उशिरा घेतलं असतं. हे एवढं साधं आहे. हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा मनात मांडलं आणि मग तुझ्यापासून लपवलं.

बस उशिरा आली. आम्ही रस्त्यातच होतो तेव्हा तुझा पहिला निरोप आला. "आई थांबलीय. जेवले म्हणून टाक." मी वाचला. तासाभरात बसूच, मग खरं खरं लिहू, असं म्हणून फोन खिशात ठेवला.

तिथे एक लांब टेबल, वर कागद अंथरलेला. मावशीनं प्रत्येकीपुढे मुठीएवढी हिरवी कळी ठेवली, खवल्याखवल्यांची, उकडलेली. अशी भाजी मी कधी पाहिली नव्हती. मी सुरी शोधायला लागले तर सगळ्या हसल्या. ती हातानं खायची. एकेक पाकळी ओढायची, वितळलेल्या लोण्यात बुडवायची आणि तिच्या बुडाशी असलेला गर दातांनी ओरपायचा. पाकळीमागे जेमतेम नखाएवढा. उरलेली पाकळी बाजूला टाकायची. भूक मारायचं नाही, वाढवायचं खाणं. मावशी म्हणाली, "घाई करणाऱ्याला हिच्यातलं काही मिळत नाही."

मी अर्ध्यावर होते तेव्हा तुझा दुसरा निरोप आला. "ताई, खोटं खोटं टाक. नंतर काय ते भांड."

फोन टेबलावर होता, माझ्या कोपराशी. बोटं लोण्यानं माखलेली, पण वाचता येत होतं. एका बोटानं लिहिता आलं असतं, शब्द तीन अक्षरांचा. आणि खरं म्हणजे तेव्हा तो खोटाही नव्हता, मी जेवत होते की. मी करंगळीनं फोन उलटा केला.

मग सगळ्यात आत, पाकळ्या संपल्यावर, एक वाटीसारखा मऊ गाभा निघाला. लांबीनं तिचाही अर्धा माझ्या ताटात टाकला. मी खाल्ला. फार चांगला लागला. हे सांगायलाच हवं, ठमे. तो चांगला लागला.

त्यानंतर पाऊण तासानं फोन सुलटा केला तेव्हा तुझे सात फोन येऊन गेले होते.

ताई


१६ जून

ठमे,

काल मामींचा फोन आला होता. मी बरी आहे ना, जेवतेखाते ना, वगैरे. मग म्हणाल्या, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तू बिचारी लांब. जिनं सुई टोचली तिला कळायला नको? औषधाच्या दुकानात बसते, साऱ्या गावाला गोळ्या समजावून सांगते, आणि आईला टोचून उपाशी टाकून गेली. मी तर तोंडावर बोलले तिला."

तू काय म्हणालीस, असं मी विचारलं.

"काय म्हणणार? खाली मान घालून उभी राहिली. म्हणाली, हो, माझंच चुकलं."

ठमे, तू सांगितलं नाहीस. तुझे ते दोन निरोप, मी ते वाचल्याच्या खुणा, सगळं तुझ्या फोनमध्ये असताना तू कुणालाच दाखवलं नाहीस.

मामींना मी काय उत्तर दिलं ते लिहिते. मी म्हटलं, "हं." एवढंच. दवाखान्याच्या व्हरांड्यातही त्या असंच काही बोलत होत्या आणि तिथेही मी "हं" म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या एका अक्षराचा विचार करत बसले. ते दुःखाचं "हं" होतं असं मला डायरीत लिहायचं होतं. लिहिलं आणि खोडलं. ते सुटकेचं होतं.

मी एक गोष्ट स्वतःला सांगत आले आहे: त्या टेबलावर मी फोन उलटा केला तो तत्त्वासाठी, खोटं लिहायचं नाही म्हणून. आता म्हणशील, तत्त्व खोट्यासाठी होतं, खरं लिहायला ते आड आलं नसतं. तेव्हा तर खरंच होतं. मग का? महिनाभर शोधते आहे. मिळालं ते सांगते, सुंदर नाही. वीस वर्षं आणि वर चार महिने माझ्या प्रत्येक घासाला कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. त्या सकाळी एक भाजी होती जिचं मला नावही माहीत नव्हतं, आणि मला ती कुणालाही न कळवता खायची होती. फक्त एवढंच. आई थांबेल, फार तर रागावेल, असं वाटलं. तिची साखर आठवली नाही असं नाही. आठवली, आणि धाकटी आहे तिथे, ती बघेल, असं वाटलं.

तू आहेस तिथे. म्हणूनच तर मी इकडे येऊ शकले. हे मी कधी मोठ्यानं म्हटलं होतं का गं?

परवापासून सकाळचा भात बंद केला आहे. आठला भूक लागते ती लागतेच. शरीराला कुणी कळवलेलं नाही. लांबी विचारत नाही, ती माझ्यापुढे नुसता पाव सरकवून जाते.

ताई


३ जुलै

ठमे,

काल मी मामांना फोन केला. तुला विचारायला हवं होतं. नोव्हेंबरातही विचारलं नव्हतं. पण विचारायचं कुठे? सगळं झालं तसं लिहिते, म्हणजे तुला ऐकीव काही राहणार नाही.

मी म्हटलं, "मामा, आईच्या बाबतीत एक सांगायचंय."

"झालं ते झालं गं. आता उकरून काय मिळणार?"

"धाकटीनं मला दोनदा कळवलं होतं. आई थांबलीय, जेवल्याचं लिही म्हणून."

"बरं."

"मी वाचलं होतं, मामा."

मागून मामी विचारत होत्या, "कोण आहे हो?" मामा म्हणाले, "थांब जरा तू." मग मला, "वाचलंस?"

"दोन्ही वाचले. जेवत होते. फोन उलटा ठेवला."

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता संपलं. पण चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस, त्यांना धागा सोडवत नाही. म्हणाले, "मग मला एक सांग. तू गेलीस सप्टेंबरात. अक्काच्या फोनवर तुझा निरोप यायला लागला नोव्हेंबरात, पण त्याआधीही ती वेळेवर जेवत होती. मी दोनदा येऊन माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा निरोप कुठून यायचा?"

ठमे, मला उत्तर माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. धाकटी आईला खोटं सांगायची. मी ते उघडं पाडलं, म्हणून आईचा तिच्यावरचा विश्वास गेला. सगळं खरं, आणि दोषही माझाच निघाला असता. पण मामी शेजारी उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या दोन वाक्यांतलं पहिलंच तेवढं घरोघरी गेलं असतं. म्हातारीशी रोज खोटं बोलायची म्हणे. तू आईला जगवलंस ते दोन महिने, आणि ते असे सांगितले गेले असते.

मी म्हटलं, "मीच कळवायचे, मामा. रोज दुकानात फोन करायचे. धाकटी घरी जाऊन सांगायची."

"रोज?"

"रोज. सव्वाबाराला."

"मग ते का थांबलं?"

"मला कंटाळा आला."

हे शेवटचं मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं. आणि काय सांगू, त्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच पूर्ण खरं होतं.

मामा म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस, हे अक्का मला नेहमी सांगायची. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार." मग, "वाईट केलंस, पोरी." आवाज चढवला नाही. मी हो म्हटलं. या वेळी "हं" नाही.

पहिलं खोटं मी माझ्यासाठी बोलले होते, ते पिशवीचं. ते बोलून चार महिने नीट झोप नाही. कालचं बोलून झोपले. हे चांगलं लक्षण आहे की वाईट, ते मला ठरवता येत नाही, आणि पहिल्यांदाच ठरवायची घाईही वाटत नाही. मी उरलेलं वर्ष इथेच काढणार आहे. आईच्या दिवसांत तू म्हणाली होतीस, "जा, शीक ते शीक." ते शापासारखं म्हणाली होतीस, पण मी ते करते आहे.

आता एक काम आहे, म्हणून हे पत्र. मामा महिनाअखेरीला मामींना घेऊन तुझ्याकडे येणार आहेत. मामी बोलल्या त्याबद्दल त्यांना काही म्हणायचं आहे, असं मामा म्हणाले. म्हणतील की नाही ठाऊक नाही. तुला मामी माहीत आहेत. पण मामा विचारतील हे नक्की. एकाच साक्षीवर विश्वास ठेवणारे ते नव्हेत.

तुला माझ्याशी बोलायला लागणार नाही. हे पत्र मिळाल्याचंही कळवू नकोस. फक्त त्यांनी विचारलं तर हो म्हण. हो, ताईचा फोन यायचा. आणि वेळ विचारली तर सव्वाबारा सांग. मी तीच सांगितली आहे.

ताई